दोन कॅमेरे, एक पाऊल

इस्पितळात त्याला सगळे फोटोवाला म्हणायचे. चोवीस वर्षं झाली, पण खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. "विचारलं तर आधी यालाच आठवावं लागेल," असं ड्रेसिंगच्या मोठ्या सिस्टर त्याच्या तोंडावर म्हणायच्या, आणि तो हसायचा. म्हणजे हसायची जागा आली की ओठ हलवायचा. त्यात मन असायचंच असं नाही.

त्याचं काम जखमांचे फोटो काढण्याचं. भाजलेल्या, चिरलेल्या, महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमा. दर आठवड्याला त्याच जखमेचा फोटो, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. मग डॉक्टर मागचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून सांगणार, जखम भरतेय की पसरतेय. लग्नात फोटो काढणाऱ्याकडे बघून माणसं केस सारखे करतात. याच्यापासून तोंड फिरवून लोक पाय तेवढा पुढे सरकवायचे.

त्याचा कॅमेरा जुना, मोठा, डीएसएलआर. लेन्स आणि गोल फ्लॅश लावला की तान्ह्या मुलाएवढा जड. पकडायच्या जागेचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, बटणांवरची अक्षरं कधीच पुसलेली. बोटांना पाठ असल्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. या कॅमेऱ्याच्या बुडाशी त्याने एक हूक बसवला होता आणि हुकाला मेण लावलेला जाड पांढरा दोरा बांधला होता. दोऱ्याच्या टोकाला गाठ. ती गाठ जखमेशेजारच्या कातडीला अलगद टेकली आणि दोरा ताणला गेला की अंतर बरोबर. मग जखमेपाशी सेंटीमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, आणि खटाक.

दोरा त्याच्या बाबांनी दिलेला. बाबा शिंपी. नोकरीच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी त्याचे फोटो टेबलावर आपटले होते. एकाच माणसाची जखम एका फोटोत बटणाएवढी आणि दुसऱ्यात बशीएवढी दिसत होती. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बाबा मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत.

"तू माप कुठे घेतोस?" ते म्हणाले. "ज्या टेपने अंगाचं माप घ्यायचं, त्याच टेपने कापड मापायचं. दोन टेपा कधी सारख्या नसतात. जुनी ताणलेली असते. हे ज्याला कळत नाही त्याने लोकांचं कापड नासू नये." आणि काजं करायच्या रिळाचा हातभर दोरा तोडून त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

तेव्हापासून नव्या नर्सेसची तुकडी आली की फोटोवाला त्यांना दोरा दाखवून पहिलाच धडा द्यायचा: दोन कॅमेऱ्यांचे फोटो कधीही शेजारी ठेवायचे नाहीत. ठेवलेत तर तुमचे डोळे खोटं बोलतील, आणि तुम्हाला ते खरं वाटेल.

सुरुवातीला या कामाने त्याला जेवण जात नसे. आधीच्या म्हाताऱ्या फोटोग्राफरने त्याला एकच कानमंत्र दिला. "जखम बघू नकोस. चौकट बघ." त्याने तो फारच मनावर घेतला. वर्षभरात जेवण जायला लागलं. मग वॉर्डातला वास येईनासा झाला. मग हळूहळू बाकीचंही बरंच काही येईनासं झालं. आई गेली तेव्हा खिडकीतून डावीकडचा उजेड तिच्या गालावर छान पडलाय, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. धाकटी बहीण रडून रडून थकली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "दादा, तू दगड आहेस का रे?" त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "माहीत नाही." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

बहीण दूरच्या शहरात संसाराला लागलेली. याने लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारून विचारून नातेवाईक दमले. घरात दोघेच, तो आणि बाबा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बाबांचं पायमशीन. ऐंशीला टेकले तरी बाबा रोज चार तास त्यावर बसायचे. कुणाची बाही आखूड कर, कुणाची चेन बदल. मशीन बंद झालं तर आपणही बंद होऊ असं ते म्हणायचे, आणि ते काही थट्टेने म्हणत नसत.

बाबांना साखरेचा जुना आजार. सहा वर्षांपूर्वीच पायांची संवेदना गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागायचा नाही. उजव्या पायाने ते मशीनचा पायटा दाबायचे, अनवाणीच, कारण चप्पल घालून शिवणारा शिंपी त्यांच्या मते शिंपी नव्हे. पायट्याच्या लोखंडाचा एक कंगोरा तुटला होता. तो किती दिवस तळव्यात घुसत होता कोण जाणे. पायट्यावर काहीतरी चिकट लागलंय म्हणून त्यांनी पुसलं, तेव्हा फडकं लाल झालं.

डॉक्टरांनी जखम पाहिली, साफ केली आणि सरळ सांगितलं. "अंगठ्याच्या खाली आहे. जपलीत तर भरेल. मोठी व्हायला लागली किंवा कडा काळी दिसली, की त्याच दिवशी घेऊन या. पाऊल वाचवायचं तर एवढंच आपल्या हातात आहे." मग फोटोवाल्याकडे बघून म्हणाले, "दर आठवड्याला तीन जिने उतरवू नका त्यांना. तुम्ही आहातच. जखम तुमच्याएवढी कुणी बघितलीय?"

बरोबरच होतं. तेवढी कुणीच बघितली नव्हती.

त्याच आठवड्यात विभागाच्या बाईंनी त्याला बोलावून एक खोकं पुढे सरकवलं. जुन्या कॅमेऱ्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, शटर कधी दगा देईल याचा नेम नव्हता. कुणीतरी हे नवं प्रकरण सुचवलं होतं. खोक्यात एक गोल काळी डबी होती, बुटाच्या पॉलिशच्या डबीपेक्षा जरा जाड. नुसती लेन्स. मागे पडदा नाही, डोळा लावायची खिडकी नाही. दोन चिमटे उघडून मोबाईलच्या पाठीवर बसवायची, किंवा बसवायचीही नाही. डबी एकीकडे ठेवून मोबाईल दुसरीकडे घेऊन बसलं तरी चित्र हवेतून मोबाईलवर येतं.

"दोन महिने वापरा," बाई म्हणाल्या. "दोन्हींची तुलना लिहून द्या. तुम्ही जे लिहाल ते घेऊ. फक्त पेशंटचे फोटो मोबाईलवर काढायचे नाहीत, नियम आहे. दुसऱ्या कशावर तरी बघा करून."

दुसरं काय होतं त्याच्यापाशी? घरात एक जखम होती.

पहिल्या रविवारी त्याने फाटकावर चिठ्ठी दाखवून मोठा कॅमेरा घरी आणला. बाबांना खाटेवर आडवं केलं, स्वतः जमिनीवर जवळजवळ लोटांगण घातलं, कारण तळव्याचा फोटो सरळ समोरून घ्यायचा तर दुसरा मार्ग नाही. गाठ कातडीला टेकवली. बाबांना अर्थातच कळलं नाही. खटाक. फोटो फार चांगला आला. मग त्याने डबी काढली. जमिनीवर उलटा डबा ठेवून त्यावर डबी उभी केली आणि स्वतः खुर्चीत बसला, मोबाईल हातात. पाय हलला की पडद्यावरचा पाय अर्ध्या क्षणाने हलायचा. गंमत वाटावी असं होतं ते. डबीला हूक लावायला जागा नव्हती, म्हणून दोरा राहिला. खुणांची पट्टी वॉर्डातच राहिली होती.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणायची का मग?" बाबांनी विचारलं.

"बघू."

त्याने डायरीत दोन रकाने आखले. वजन: मोठा दीड किलो, डबी खिशात मावते. आवाज: मोठ्याला पेशंट दचकतो, डबीला नाही. चित्र: मोठ्याचं बारीक, डबीचं जरा गुळगुळीत, पण रंग आपोआप छान होतात. आणि शेवटी, फायदा म्हणून लिहिलं: वाकावं लागत नाही.

पुढच्या रविवारी मोठा कॅमेरा आणायचा कंटाळा आला. तिसऱ्या रविवारीही. जखम कितीशी होती? यापेक्षा वाईट त्याने रोज डझनाने पाहिल्या होत्या. जखमेवरची पट्टी सोडायची, न बघता सवयीच्या हाताने जखम धुवायची, डबीने फोटो घ्यायचा, नवी पट्टी बांधायची. डबी कधी खुर्चीच्या पायाशी, कधी खाटेच्या टोकाशी. मग मोबाईलवर दोन फोटो शेजारी. डावीकडे पहिल्या रविवारचा. तो मात्र मोठ्या कॅमेऱ्याचाच ठेवला होता, कारण चांगला आला होता ना! उजवीकडे आजचा, डबीचा.

जखम लहान होत होती. कडा गुलाबी होत होत्या. तो ते दोन्ही फोटो दर रविवारी बहिणीला पाठवायचा, आणि ती लिहायची, "छान, भरतेय. बाबांना म्हणावं मशीनपासून लांब बसा."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून मोकळं होता येतं. पण हा अडाणी नव्हता, आळशीही नव्हता. दोरा हाती आल्यापासून त्याचा एक फोटो चुकला नव्हता. त्याची चूक एवढीच, की तो फोटोवर विश्वास ठेवायला शिकला होता आणि पायावर ठेवायला विसरला होता. सहाव्या रविवारी त्याने डायरीत लिहिलं, "नवा कॅमेरा घरगुती पाहणीसाठी उत्तम."

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बहीण आली. बाबांना बघायला, दोन दिवसांसाठी. त्याने दार उघडलं. ती उंबऱ्यातच थांबली, पिशवी हातातच.

"दादा, घरात काही सडलंय का?"

तो स्वयंपाकघरात गेला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण काढून बघितलं, रिकामा होता. "नाही गं."

"मला दोन दिवस वाटतंय तसं," बाबा खाटेवरून म्हणाले. "म्हटलं खालच्या गटाराचा असेल. हा काही बोलला नाही, म्हणजे नसेलच."

बहिणीने पिशवी ठेवली. सरळ खाटेपाशी जाऊन गुडघ्यावर बसली आणि पट्टी सोडायला लागली. शेवटची घडी निघाली तशी तिने तोंडावर पदर धरला.

फोटोवाल्याने खिशातून मोबाईल काढला. आता हे सांगायलाही कसंतरी वाटतं, पण त्याने तो खरंच काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा बघ गेल्या रविवारचा. कमी झालीय."

तिने मोबाईलकडे पाहिलंच नाही. "फोटो नको दाखवूस मला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "खाली बस. इकडे बघ."

तो खाली बसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याने चौकटीवाचून तो पाय पाहिला. अंगठ्याखालची जखम त्याच्या चार बोटांएवढी झाली होती. कडा गुलाबी नव्हती. काळी होती, आणि तो काळेपणा शेजारच्या दोन बोटांवर चढला होता. हे एका आठवड्याचं नव्हतं. ते त्याला पहिल्या नजरेत कळलं, कारण जखमा त्याच्याएवढ्या कुणीच पाहिल्या नव्हत्या.

इस्पितळात डॉक्टरांनी पायावर यंत्र फिरवलं, घोट्यापाशी थांबले, पुन्हा फिरवलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "खाली रक्त पोचत नाहीये. पंधरा दिवस आधी आणलं असतंत तर एखाद्या बोटावर भागलं असतं. आता घोट्याच्या वर जावं लागेल."

"बरं," फोटोवाला म्हणाला. ड्यूटी बदलली असं कुणी सांगितल्यावर म्हणतात तसं. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याला आत काहीतरी व्हायला हवं होतं. तो वाट बघत उभा राहिला, पण काही झालं नाही.

शस्त्रक्रियेआधी पायाचा फोटो लागतो. नियमच तो. आणि वॉर्डात फोटो काढणारा एकच माणूस. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "राहू दे, मी काढते कसातरी." तो नाही म्हणाला. कपाटातून मोठा कॅमेरा काढला, फ्लॅश लावला, खुणांची पट्टी चिकटवली, जमिनीवर आडवा झाला. दोऱ्याची गाठ कातडीला टेकवली. खटाक.

मग संगणकावर त्याने सगळे फोटो ओळीने लावले. पहिल्या रविवारचा मोठ्या कॅमेऱ्याचा, मधले सगळे डबीचे, शेवटी आजचा, पुन्हा मोठ्याचा. मधल्यांत जखम आक्रसत जात होती, डबी दर वेळी थोडी थोडी लांब ठेवली होती म्हणून. रंग दर वेळी आपोआप छान झाले होते. पहिला आणि शेवटचा तेवढे खरं सांगत होते. दोन्हींच्या मध्ये सहा आठवडे होते.

"मलाही दाखव की," बाबा म्हणाले. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना तिथेच आणलं होतं. "पाय माझा आहे."

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. बाबांनी चष्मा लावला. दुसऱ्या शिंप्याने बिघडवलेला कपडा गिऱ्हाईक घेऊन आलं की ते बघायचे तसं बघितलं, शिवण न् शिवण. मग पहिल्या फोटोवर बोट ठेवलं, मग शेवटच्यावर.

"हे दोन एका मापाचे," ते म्हणाले. बोट मधल्यांवरून फिरलं. "हे नाहीत. टेप बदललीस होय रे?"

"हो, बाबा."

"हं."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, बहिणीसारखी मान फिरवली असती, तरी चाललं असतं. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मशीनवर कपडा टाकून ठेव. धूळ बसते."

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या टेबलाशी बसून त्याने तुलनेचा अहवाल लिहून काढला. डायरीतले दोन रकाने त्यात घेतले नाहीत. लिहिलं ते असं: "जुना कॅमेरा जड आहे, त्यासाठी वाकावं लागतं, त्याला दोरा बांधता येतो. नवा हलका आहे, वाकावं लागत नाही, दोरा बांधता येत नाही. नवा कॅमेरा वाईट नाही. दोन्हींचे फोटो मी शेजारी ठेवले. त्यामुळे एका रुग्णाचं पाऊल गेलं. कोणता घ्यायचा ते आपण ठरवावं, पण मला विचारू नये." खाली पूर्ण नाव लिहून त्याने सही केली. सही नेहमीसारखीच आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. बहीण खाली चहाला गेली होती. चादर बाबांच्या डाव्या पायावर उंच होती आणि उजवीकडे पोटरीनंतर एकदम सपाट होत होती.

बाबांनी डोळे उघडले. "अरे," ते म्हणाले, "अंगठा खाजतोय."

"कुठला?"

"उजव्या पायाचा." त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. "सहा वर्षांत कधी कळला नव्हता. आता कळतोय बघ."

फोटोवाल्याला हे माहीत होतं. पाय गेलेले पेशंट असं म्हणतात, वॉर्डात रोज कुणी ना कुणी म्हणतं. अशा वेळी द्यायचं उत्तरही ठरलेलं होतं. होतं तसं, जाईल हळूहळू. ते उत्तर त्याच्या ओठापर्यंत आलं.

तो उठला. खाटेच्या पायथ्याशी गेला, वाकला, आणि सपाट चादरीवर, जिथे अंगठा असायला हवा होता तिथे, बोटांनी खाजवायला लागला.

"जरा डावीकडे," बाबा म्हणाले.

त्याने हात सरकवला. "इथे?"

"हां. तिथेच." बाबांनी डोळे मिटले. "बरं वाटतंय."

तो खाजवत राहिला. मोठ्या सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत आल्या आणि थबकल्या. तो वाकलेला, हात रिकाम्या चादरीवर.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलता येईना.